पुढची रास

फेरो बेटांवरची आमची ही डोंगरवाट फार देखणी. पण धुकं उतरलं की एकाने वाट दाखवायला रचलेल्या दगडांच्या राशीपाशी थांबायचं, दुसऱ्याने पुढची रास शोधून हाक मारायची.

"इथून हलू नकोस हं," म्हणत माझा नवरा ट्रोन्डुर धुक्यात शिरला.

"तूच कड्यावरून पडू नकोस म्हणजे मिळवली!"

थोड्या वेळाने हाक आली, "सापडली! ये!"

गेले. रास होती, ट्रोन्डुर नव्हता. पुढून पुन्हा त्याचाच आवाज, "सापडली! ये!"

चरफडत पुढच्या राशीपाशी पोचले, दगडांवर हात टेकला. तेवढ्यात मागून, फार लांबून ट्रोन्डुर ओरडला, "अगं, गेलीस कुठे? मला अजून एकही रास सापडली नाहीये!"

मी श्वास रोखला.

हाताखालचे दगड मात्र संथपणे वर-खाली होत होते.