एकच घोस

फोटोंच्या स्पर्धेसाठी मला पक्षी नेमक्या उजेडात हवा होता. म्हणून ऐन हिवाळ्यात शिडी लावून मी अंगणातल्या झाडाची सगळी लाल फळं ओरबाडून बादलीत भरली आणि खिडकीसमोर एकच घोस ठेवला. पाखरं झक मारत तिथंच आली. फोटो असा निघाला की मी स्वतःचीच पाठ थोपटली. दोन दिवसांत तो घोसही संपला. मग रात्रभर बर्फ पडला. सकाळी माझी शिवणकाम करणारी आई बाहेरून मूठ मिटून आली. तिनं ती माझ्यापुढे उघडली. आत गारठून मेलेलं पाखरू होतं; फोटोतलंच असावं. “बाकीची वळचणीला उपाशी बसलीत,” ती म्हणाली. “बादली अंगणात ओतू?” मी पुटपुटलो. “मांजराचं फावेल. फळांच्या माळा करून फांद्यांना बांधायच्या.” तिनं मशीनवरचं दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं. “मला नेढं दिसत नाही आता. कॅमेरा ठेव, सुई ओव.”