चोर ओळखणारे गुणवंतराव

गुणवंतरावांची सगळी अक्कल ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांतच खर्च होई. चांद्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून मोठमोठ्यानं वाचायचं आणि शेवट यायच्या आत चोर ओळखून मिशीला पीळ द्यायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग.

या खेपेच्या कादंबरीत राजाच्या किल्ल्यावरचा दगडी सिंह चोरीला गेला, तेव्हा मात्र ते भडकलेच. "राजाचा दगड चोरते? असल्या हरामखोराले मी एका दिवसात हुडकून काढलं असतं!"

अंगणात धुणं आपटणारी त्यांची बायको मनकर्णा थांबली.



"हुडका जी. पण आधी मले धुण्याले दुसरा दगड आणून द्या. तुमी किल्ल्याच्या परकोटातून उचलून आणलेल्या सिंहाच्या दातात माहं लुगडं फाटून राह्यलं."