नववी कुमारिका

नवरात्रभर अनवाणी राहणाऱ्या बाईजाकाकू अष्टमीला मुरबाडच्या वसतिगृहातल्या नऊ मुलींना जेवायला बोलवायच्या, आधी परातीत त्यांचे पाय धुवायच्या. यंदाची नववी, लढाईच्या मुलखातून सोडवून आणलेली सोमारी, परातीपाशी अडली. “माझे पाय नको,” म्हणाली. “हिला दोन तांबे पानी लागंल, काकू,” शेजारी बसलेली सोनाली हसली. सोमारी परातीकडे बघत म्हणाली, “बंदूकवाले मला वाटेवर पुढं चालवायचे. सुरुंग असला तर माझ्या पायाखाली फुटावा म्हणून.” सोनालीनं मान खाली घातली. काकूंनी ते पाय धुतले, कुंकू लावलं आणि त्यांवर डोकं टेकवलं. जेवून मुली शेताच्या बांधावरून निघाल्या, तेव्हा सोमारी सवयीनं, पायाखाली बघत, रांगेपुढं गेली. पोचवायला आलेल्या काकू अनवाणीच तिच्याही पुढं झाल्या. “पुढं मी चालते गो. तू पोरींच्या मधी ये.” सोमारीनं पहिल्यांदाच वाटेवरची नजर उचलली.