वाचनालयाची चावी

उत्तनच्या वॉर्डसभेत अधिकाऱ्यांनी टेबलावर चावी ठेवली. "वाचनालय उघडायला माणूस नाही. रहिवाशांपैकी कोणी पुढे आलं तर ठीक, नाहीतर बंद." मागच्या खुर्चीत ज्ञानदेव पुढे सरकून बसले. त्यांचं म्हातारपण वाचनालयाच्याच खोलीत सुखानं चाललं होतं. चावी उचलावी, पण जमलंच नाही तर? तेवढ्यात पाटी बाजूला सारून मासळीवाली फिलोमिना उठली. "बाजाराला जाताना सकाळी मी उघडीन." कोणीतरी हसलं. "मावशी, तुला वाचता येतं?" "न्हाय. कुलूप उघडता येतं!" फिलोमिनानं टेबलावरची चावी उचलली. "संध्याकाळी मला वाळलेले बोंबील काढायचे असतात. तेव्हा कोण?" असं धाडस ज्ञानदेवांनी पुस्तकांबाहेर प्रथमच पाहिलं. सगळे मागे वळून का बघतायत, त्यांना कळेना. मग स्वतःचा वर गेलेला हात दिसला. फिलोमिनानं त्यात चावी ठेवली. "भाऊ, हात खाली घ्या. कुलूप वर न्हाय!"