सुती लुगडी

सासूची जुनी सुती लुगडी दैवशालानं परस्पर भांडेवालीला देऊन टाकली आणि स्टीलचं पातेलं घेतलं. सासू दुर्गाबाई ढसाढसा रडली. त्या दिवसापासून तिनं शेतात पाऊल टाकलं नाही. "चिंध्यांपायी रुसून बसली म्हातारी," दैवशाला गावभर सांगायची.

यंदा तिसऱ्या बाळंतपणानंतर खताची गोणी उचलताना दैवशालाचं अंग बाहेर आलं, गर्भपिशवी खाली उतरली. घाबरून तिनं सासूलाच सांगितलं.

दुर्गाबाईनं अंगावरच्या, उरलेल्या एकुलत्या सुती लुगड्याचा पदर टरकन फाडला. "याचा बोळा करून लाव. नायलॉन रुततं, मऊ सुतीच लागतं."

"तुम्हाला कसं ठाव, आत्याबाई?"

"तुझा नवरा जन्मला तवापासून माझंबी बाहेर येतंय. लुगडी व्हती तवर मी शेतात येत व्हते."