लोक तुमच्यासमोर मोकळे होतात

अमरावतीच्या ट्रेनिंगमध्ये तायडे साहेबांच्या स्वभाव-चाचणीचा निकाल आला: 'मनमिळाऊ नेता. लोक तुमच्यासमोर मोकळे होतात.' साहेबांना ते पटेना. परतताना रेल्वेत त्यांनी मोबाईलवर तीच चाचणी पुन्हा दिली, बडनेऱ्याला एकदा, मूर्तिजापूरला एकदा. निकाल तोच. तरी जिवाला चैन नव्हतं.

कार गॅरेजमध्ये होती, म्हणून अकोला स्टेशनवरून ते ऑटोनं थेट ऑफिसला आले. गेटवरच्या श्रावणकाकांची नजर नेहमीसारखी साहेबांच्या कारच्या वाटेकडे होती. ऑटोतून कोण उतरलं, हे त्यांनी पाहिलंच नाही.

जिन्यातच वरचा हशा ऐकू आला. कोणीतरी कोणाची तरी नक्कल करत होतं, टाळ्या पडत होत्या. साहेबांना एकदम हलकं वाटलं. खरंच की, किती मोकळी आहेत आपली माणसं. ते हसतच आत शिरले.

हशा जागीच थांबला. खुर्च्या सरकल्या, सगळे कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसून बसले.

कोपऱ्यात पाठमोरी पायल फोनवर दबक्या आवाजात म्हणत होती,



"श्रावणकाका, सायेब वर आले ना. आज मिसकॉल काहून नाई देला?"