पान क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी

"साहेब, एकशे अठ्ठ्याऐंशीवं पान काढा," मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या आणि सभागृहातला गोंगाट एकदम थांबला.

मातीसाहेबांना वाटलं, आपल्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली. बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याची जमीन साफ कशी करायची, यावरची ही तिसरी जनसुनावणी. पहिल्या दोन आरडाओरड्यातच आटोपल्या होत्या. आजही तासभर लोक त्यांना फाडून खात होते. कुणी शिव्या दिल्या, कुणी शाप दिले. अहवालातल्या पानाचा आकडा मात्र आजवर कुणी तोंडातून काढला नव्हता.

मातीसाहेब हे नाव त्यांना खात्याने दिलेलं, तेही थट्टेने. अकरा महिने त्यांनी ती जमीन पालथी घातली होती. चाळीस ठिकाणची माती डब्यांत भरली, तपासून घेतली आणि चारशे बारा पानांचा अहवाल लिहून लोकांना वाचायला वॉर्ड कार्यालयात ठेवला. बायको म्हणाली होती, "औषधाच्या खोक्यातला कागद तरी कुणी वाचतं. हे बाड कोण वाचणार?" त्यांनी ते हसण्यावारी नेलं. पण मनातून तेही तसंच धरून चालले होते.

बाई उभ्या राहिल्या. वय पन्नाशीच्या पुढचं. कारखान्याच्या भिंतीला लागून बालवाडी होती, तिथे त्या मुलांना सांभाळायच्या. सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणायची. हातात अहवालाची झेरॉक्स. खुणेसाठी घातलेल्या रंगीत कागदांच्या पट्ट्या तिच्यातून डोकावत होत्या, वीसेक तरी असतील. मातीसाहेबांनी ओळखलं, एवढ्या खुणा करून आलेलं माणूस आपल्याला सहजासहजी सोडत नाही.

मावशींनी ओळीखाली बोट ठेवलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्या वाचू लागल्या.

"नमुना क्रमांक एकतीस. जागा, बालवाडीच्या भिंतीमागे. शिशाचं प्रमाण, मर्यादेच्या सहा पट." मग त्यांनी शेवटी जोडलेला नकाशा उलगडला. "आणि इथे त्याच भिंतीमागे लिहिलंय तेरा. एकतीस गेलाय पार टाकीच्या पलीकडे. तेराची माती चांगली, म्हणून तिथे खणायचं नाही, असं तुम्ही पुढे म्हणता. तिथेच मुलांसाठी घसरगुंडी बसवणार म्हणता. मग खरं कुठलं धरायचं, साहेब? पानावरचं की नकाशावरचं?"

शेजारी बसलेल्या सुनावणीच्या अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला आणि कुजबुजले, "नोंद घेतली म्हणा आणि पुढे चला."

मातीसाहेबांनी पिशवीतून मळकी नोंदवही काढली. एकेक पान उलटत गेले. नोंद सापडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: एकतीस, बालवाडीची भिंत. नकाशावर आकडे चढवताना त्यांच्याच हातून अदलाबदल झाली होती. अकरा महिन्यांच्या कामावर पाणी पडणार, हे त्यांना दिसलं. आणि त्या मातीत हात घालून खेळणारी मुलंही दिसली. त्यांनी अध्यक्षांचा हात हलकेच बाजूला केला.

"मावशींचं बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. भिंतीमागची माती विषारी आहे. आधी तीच काढू. आणि ती निघेपर्यंत मुलांची सोय दुसरीकडे करू."

एवढं बोलून ते मान खाली घालून बसले. आता काय खुर्च्या फेकायच्या त्या फेका, असं त्यांनी मनाशी म्हणून टाकलं.

तासभर सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलेला बेकरीवाला उठला. "चूक कबूल करणारा साहेब मी जन्मात पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. "माझी हरकत मी मागे घेतो. आणि मुलांना माझ्या गोदामात बसवा. फक्त पाव मोजून ठेवीन म्हणतो."

सभागृह खदखदून हसलं. मग प्रश्न आले, पण खरेखुरे. ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार? धूळ उडाली तर काय? पाणी मारायला माणसं किती? मातीसाहेब उत्तरं देत होते, नसेल येत तिथे "बघून सांगतो" म्हणत होते आणि लोकांना तेही चालत होतं. पाच वाजता योजना एका दुरुस्तीसह मंजूर झाली. विरोधात एकही हात वर गेला नाही.

खुर्च्या उचलायला सुरुवात झाली तेव्हा मातीसाहेब मावशींपाशी गेले. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"मावशी, तीन तज्ज्ञांनी हे तपासलं होतं. एकाच्याही लक्षात आलं नाही."

"उलटा पडतो हो आकडा," मावशी म्हणाल्या. "तेरा आणि एकतीस, माझाही फार गोंधळ व्हायचा."

"याआधी असे किती अहवाल वाचलेत तुम्ही?"

मावशी चक्क लाजल्या.

"अहवाल कुठले, साहेब. प्रौढांच्या वर्गाला जाऊन मी वाचायला शिकले, तीच मुळी यंदा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं हे माझं पहिलंच पुस्तक. आणि आवडलं मला."